शेवट ठाऊक असणे : औत्सुक्य, विस्मय आणि चित्रपटाचा आस्वाद

चित्रपटाचा शेवट आधी कळला तर पाहण्यातील रस जातो, ही समजूत अलीकडे इतकी रूढ झाली आहे की तिची तपासणी करावी असे सहसा कुणाला वाटत नाही. तरुण प्रेक्षकवर्गात ‘स्पॉयलर’ हा शब्द मराठीच असल्यासारखा वावरतो आणि शेवट सांगून टाकणारा माणूस जणू काही सामाजिक अपराध करणारा ठरतो. याच्या नेमकी उलट भूमिका आपल्या विद्यापीठीय वर्तुळात आढळते. ‘पुढे काय होणार’ ही उत्सुकता बाळबोध वाचकाची, रहस्यकथांवर पोसलेल्या मनाची. जाणत्या आस्वादकाला तिच्याशी कर्तव्य नाही, असे आपण वर्गात सहज बोलून जातो. मला या दोन्ही भूमिका अपुऱ्या वाटतात. पहिली भूमिका शेवटाची माहिती आणि शेवट यांत फरक करीत नाही. दुसरी, न कळण्याच्या अवस्थेलाही कलाकृतीच्या घडणीत स्थान असू शकते हे मानीत नाही. विषयच असा आहे की प्रस्तुत लेखात अनेक चित्रपटांचे शेवट उघड होणार आहेत. ज्यांना ते टाळायचे असतील त्यांनी लेख बाजूस ठेवावा. त्यांच्या या निर्णयाचा मी उपहास करणार नाही, हे पुढील विवेचनावरून ध्यानात येईल.

‘रसभंग’ हा शब्द या संदर्भात आपण फार सैलपणे वापरतो, म्हणून प्रथम त्याच्याकडे वळू. रसप्रतीतीच्या आड येणारी सात विघ्ने अभिनवगुप्ताने सांगितली आहेत. कथा आधीच ठाऊक असणे हे त्यांत नाही. इतकेच नव्हे, तर पहिले विघ्न, म्हणजे समोर दाखवले जाणारे शक्य कोटीतील न वाटणे, दूर व्हावे यासाठी लोकोत्तर कृत्यांच्या बाबतीत रामासारख्या प्रख्यात नायकाचा आश्रय घ्यावा असे तो सुचवतो. पूर्वज्ञान हे येथे विघ्न नसून विघ्नावरचा उपाय आहे. सातवे विघ्न संशयाचे आहे खरे. पण तो संशय ‘शेवटी काय होणार’ असा नव्हे, तर डोळ्यांतले पाणी शोकाचे की आनंदाचे, अशा जातीचा आहे.

नाटकाची कथावस्तू प्रख्यात असावी, हा भरताचा नियम सर्वश्रुत आहे. त्यावरून आपल्या परंपरेत शेवटाच्या गुपिताला किंमतच नव्हती, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो घाईचा ठरेल. दशरूपकांत नाटकाच्या शेजारीच प्रकरण आहे आणि प्रकरणाची कथावस्तू उत्पाद्य, म्हणजे कविकल्पित असते. ‘मृच्छकटिका’च्या दहाव्या अंकात वधासाठी नेल्या जाणाऱ्या चारुदत्ताचे पुढे काय होते, हे पहिल्या प्रेक्षकांना इतिहासपुराणांतून ठाऊक असण्याचा संभव नव्हता. दुसरे असे की निर्वहण संधीत अद्भुत रसाची योजना असावी, असे नाट्यशास्त्र सांगते. ज्या नाटकाचा शेवट प्रेक्षागृहातील प्रत्येकाला ठाऊक आहे त्याच्याही शेवटी अद्भुत हवा! या एका विधानात आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर दडलेले आहे. औत्सुक्य हा तेहतीस व्यभिचारी भावांपैकी एक. विस्मय हा अद्भुताचा स्थायी भाव. भरताच्या विवेचनातील औत्सुक्य ही मुख्यतः प्रियजनांच्या वियोगातून आणि स्मरणातून उपजणारी उत्कंठा आहे. कथेविषयीच्या कुतूहलासाठी तो शब्द योजताना मी त्याचा अर्थ ताणीत आहे. पण तेवढा ताण सोसण्याइतका तो बळकट आहे. औत्सुक्य येते आणि जाते. उत्तर मिळताच ते शमते. विस्मयाचे तसे नाही. तो पुष्कळदा उत्तर मिळाल्यावरच सुरू होतो आणि तेच उत्तर पुन्हा पुन्हा मिळाले तरी टिकू शकतो. तेव्हा शेवट आधी कळल्याने औत्सुक्य जाईल, विस्मय जाण्याचे कारण नाही, असे म्हणून हा प्रश्न मिटवता आला असता. तो तसा मिटत नाही, कारण काही कलाकृतींत विस्मयाकडे जाणारी वाटच प्रेक्षकाच्या अज्ञानातून काढलेली असते. त्यांच्याकडे यथावकाश येऊ.

पाश्चात्त्य विचारातही हा प्रश्न नवा नाही. ज्ञात कथाही प्रत्यक्षात थोड्यांनाच ज्ञात असतात आणि तरी आनंद सर्वांना होतो, असे अ‍ॅरिस्टॉटलने नमूद केले आहे. लेसिंगने १७६७ ते १७६९ या काळातील आपल्या नाट्यविवेचनात, शेवट आधीच सांगून टाकणाऱ्या युरिपिडीसच्या नांदीवजा प्रवेशांची बाजू हिरिरीने घेतली. तपशिलात शिरण्याची येथे गरज नाही.

मराठी प्रेक्षकाला तर ही गोष्ट शास्त्राने शिकवावी लागली नाही. कीर्तनाच्या उत्तररंगात ध्रुवाचे आख्यान लावले जाते तेव्हा त्याला अढळपद मिळणार, हे श्रोत्यांतील पोरासोरांनाही ठाऊक असते. कोकणातील दशावतारात संकासुर मारला जाणार हे जाणूनच माणसे रात्र जागवतात. मराठी चित्रपट याच प्रेक्षकासमोर जन्माला आला. १९३६ साली प्रभात फिल्म कंपनीने दामले-फत्तेलाल यांच्या दिग्दर्शनाखाली ‘संत तुकाराम’ काढला तेव्हा त्याचा शेवट न ठाऊक असलेला प्रेक्षक महाराष्ट्रात शोधूनही सापडला नसता. तुकोबा वैकुंठाला जाणार, हे चित्रपटाच्या नावातच सांगून झाले होते. तरीही हा चित्रपट मुंबईत वर्षाहून अधिक काळ चालला. याचे श्रेय केवळ भाविकतेला देणे मला सोपे वाटते. विष्णुपंत पागनीसांचा तुकोबा विमानात बसून वर जातो हे आपल्याला ठाऊक असलेले आहे. पण दिग्दर्शकांनी शेवटचा भार त्या विमानावर ठेवलेला नाही, तो गौरीबाईंनी उभ्या केलेल्या जिजाईवर ठेवला आहे. वैकुंठाला चलण्याचे बोलावणे ही संसारी बाई मनावर घेत नाही आणि मागे उरते. ज्ञात शेवटाच्या आत एक अज्ञात कोपरा दिग्दर्शकांनी शोधला, आणि विस्मय तिथे जाऊन बसला. विमानाची युक्ती आज कुणाला भाबडी वाटेल. जिजाई वाटत नाही.

चित्रपट पाहण्याच्या रीतीचाही या प्रश्नाशी निकटचा संबंध आहे आणि त्याचा विचार फारसा होत नाही. अमेरिकेतील चित्रपटगृहांत १९६० पर्यंत सलग खेळांची प्रथा सर्रास होती. प्रेक्षक मन मानेल तेव्हा आत शिरत, चित्रपटाचा उत्तरार्ध आधी पाहत, मग पुढच्या खेळात पूर्वार्ध पाहत आणि आपण आलो तो भाग येताच उठून जात. शेवट आधी आणि सुरुवात नंतर, ही त्या काळातल्या असंख्य प्रेक्षकांची रोजची सवय होती. त्यामुळे आपला रसभंग झाला अशी त्यांची तक्रार दिसत नाही. ही प्रथा मोडण्याचे श्रेय मोठ्या प्रमाणावर आल्फ्रेड हिचकॉकच्या ‘सायको’कडे जाते. १९६० साली त्याने खेळ सुरू झाल्यावर कुणालाही आत न सोडण्याचा दंडक घातला. कारण व्यावहारिक होते : चित्रपटाची तारका जॅनेट ली पूर्वार्धातच मारली जाते आणि उशिरा आलेला प्रेक्षक तिची वाट पाहत बसला असता. त्याआधी १९५५ साली क्लूझोच्या ‘ले दियाबोलिक’ या फ्रेंच चित्रपटाने अखेरीस प्रेक्षकांना शेवट इतरांस न सांगण्याची विनंती केली होती. शेवटाच्या गुप्ततेचा आजचा आग्रह हा असा काही कलाकृतींच्या विशिष्ट गरजेतून आणि बऱ्याच अंशी त्यांच्या जाहिरातीतून घडलेला आहे. तो सनातन रसनियम नव्हे.

आपल्याकडे खेळांच्या वेळा ठरलेल्या असत; पण कथा मात्र चित्रपटगृहाबाहेरच मिळे. गाण्यांच्या चोपड्या ज्यांनी चाळल्या आहेत त्यांना आठवेल की गीतांबरोबर तिच्यात कथासारही छापलेले असे, आणि ते वाचकाला ऐन पेचाशी आणून, पुढचे पडद्यावर पाहावे असे सुचवून थांबे. ही कथासारे लिहिणाऱ्या अनाम लेखकांच्या समजुतीला दाद द्यावीशी वाटते. नायक, नायिका, त्यांच्यातील अडसर, खलपुरुषाचा डाव, सारे सांगून टाकायचे आणि गाठ सुटण्याची रीत तेवढी राखून ठेवायची. गोड शेवट बहुधा गृहीतच असे. राखले जाई ते ‘काय’ नव्हे, ‘कसे’.

हिचकॉकचे नाव रहस्याशी इतके जोडले गेले आहे की तो स्वतः गुपितापेक्षा पूर्वज्ञानाचा मोठा कारागीर होता, हे विसरले जाते. फ्रान्स्वा त्रुफोशी झालेल्या त्याच्या प्रदीर्घ संवादात, टेबलाखालच्या बॉम्बचे त्याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. बॉम्ब अचानक फुटला तर प्रेक्षकाला क्षणभराचा धक्का बसतो. तो तेथे आहे हे प्रेक्षकाला आधी दाखवले आणि टेबलाशी बसलेल्यांना ठाऊक नसले, तर त्यांचे साधे हवापाण्याचे बोलणेही असह्य होते. या विचाराची खरी कसोटी ‘व्हर्टिगो’मध्ये (१९५८) लागली. मूळ फ्रेंच कादंबरीत ज्यूडी हीच मॅडेलीन होती, हे रहस्य अखेरपर्यंत राखलेले आहे. हिचकॉकने ते चित्रपट संपायला बराच अवधी असताना, ज्यूडी पत्र लिहिते आणि फाडून टाकते त्या प्रसंगात, प्रेक्षकापुढे उघड केले. हे करू नये, असे त्याच्या भोवतालच्या मंडळींचे मत होते. पण या एका निर्णयाने चित्रपटाची जात बदलली. नायक स्कॉटी ज्यूडीला करडा पोशाख घ्यायला लावतो, तिच्या केसांचा रंग बदलायला लावतो, मेलेल्या स्त्रीची प्रतिमा तिच्या अंगावर चढवतो. रहस्य न जाणणाऱ्याला येथे एका झपाटलेल्या पुरुषाचे वेड दिसले असते. जाणणाऱ्याला त्या वेडाखाली चिरडली जाणारी, प्रेम मिळावे म्हणून आपलीच जुनी लबाडी पुन्हा नेसणारी स्त्री दिसते. हे दुसरे दर्शन पहिल्याहून श्रेष्ठ आहे, याविषयी माझ्या मनात संदेह नाही.

आपल्या विद्यार्थ्यांना हिचकॉककडे जाण्याचीही गरज नाही. महाभारतातील शकुंतलोपाख्यानात दुष्यंत तिला ओळखतो आणि लोकापवादासाठी नाकारतो. तेथे शाप नाही. कालिदासाने शाप आणला, आणि तो कुठे आणला हे पाहण्याजोगे आहे. चौथ्या अंकाच्या आरंभी दुर्वासाची वाणी पडद्यामागून ऐकू येते. दोघी सख्यांना ती कळते, प्रेक्षकाला कळते, शाप ओळखीच्या अलंकाराने फिटेल हेही कळते. शकुंतलेला तेवढे कळत नाही. शापाची ही गोष्ट अंगठी सापडेपर्यंत दडवून ठेवणे कालिदासाला अवघड नव्हते. तसे केले असते तर पाचव्या अंकातील राजसभा हे एक कोडे झाले असते आणि प्रेक्षक दुष्यंताच्या मनाचा तर्क करीत बसला असता. आज तो तर्क करीत नाही. तो त्या रिकाम्या बोटाकडे पाहतो. कण्वाश्रमातून तिची पाठवणी होत असतानाही त्याला पुढचे ठाऊक असते, आणि सर्वमान्य झालेल्या चौथ्या अंकाच्या कारुण्यात या ठाऊक असण्याचा वाटा किती, हा प्रश्न आपल्या टीकाकारांनी अधिक विचारायला हवा होता. नाटकाचे तर नावच ओळख पटवणाऱ्या खुणेवरून ठेवलेले आहे!

मराठी चित्रपटात या रचनेचे मला सर्वांत निर्मळ वाटणारे उदाहरण म्हणजे संदीप सावंत यांचा ‘श्वास’ (२००४). कोकणातून आजोबांबरोबर आलेल्या परशुरामाच्या डोळ्यांना कर्करोग आहे. जीव वाचवायचा तर डोळे काढावे लागतील, हे डॉक्टर बरेच आधी सांगून टाकतात. चमत्कार होणार नाही, दुसरा उपाय निघणार नाही. नेहमीच्या अर्थाने ज्याला शेवट म्हणतात तो येथे चित्रपटानेच फोडला आहे. मग उरते काय? उरते ते सांगणे. मुलाला हे कुणी सांगायचे, कोणत्या शब्दांत सांगायचे, आणि सांगितल्यावर त्याच्याकडे पाहायचे कसे. शस्त्रक्रिया लांबते, आजोबा मुलाला घेऊन रुग्णालयातून नाहीसे होतात आणि एक दिवस त्याला शहर दाखवून आणतात. त्या दिवसातील प्रत्येक दृश्य, रस्ता, गर्दी, खेळणी, आपण दोन प्रकारे पाहतो : मुलगा पाहतो म्हणून, आणि तो हे पुन्हा पाहणार नाही म्हणून. अरुण नलावडे यांच्या चेहऱ्यावर हे दुसरे पाहणे सतत असते. शेवट दडवला असता तर हा दिवस केवळ एक सहल ठरला असता. ‘श्वास’चा शेवट एखाद्या मित्राने आधी सांगितला म्हणून कुणाचा रसभंग झाला असेल, तर त्याने या चित्रपटात काय पाहायचे होते हेच मुळात तपासावे लागेल.

येथवरचे विवेचन एका बाजूला झुकलेले आहे. आता दुसरी बाजू.

‘दृश्यम’ हा चित्रपट प्रथम २०१३ साली मल्याळममध्ये जीतू जोसेफ यांनी केला. २०१५ साली निशिकांत कामत यांनी तो हिंदीत, गोव्याच्या पार्श्वभूमीवर केला. ‘डोंबिवली फास्ट’चे दिग्दर्शक म्हणून कामत आपल्याला परिचित आहेत. या चित्रपटात खून कुणी केला हे प्रेक्षकाला ठाऊक असते, का केला हेही ठाऊक असते. दोन ऑक्टोबरला आपण पणजीत होतो, हा विजय साळगावकरच्या कुटुंबाचा दावा कसा रचला गेला, हे आपण टप्प्याटप्प्याने पाहिलेले असते. पोलीस चौकशी करतात तेव्हा आपण त्या कुटुंबाच्या बाकावर बसलेले असतो. आपण गुन्ह्यात सामील आहोत आणि त्यात आपल्याला एक चोरटे समाधानही आहे. अंगणातला खड्डा खणला जातो, आत निघते मेलेले जनावर, आणि आपल्याही भुवया वर जातात. अखेरीस कळते की प्रेत नव्या पोलीस ठाण्याच्या इमारतीखाली पुरलेले आहे. या क्षणी प्रेक्षकाला केवळ एक चतुर उत्तर मिळत नाही. आपण ज्याच्या विश्वासातले आहोत असे दोन तास समजत होतो, त्या माणसाने आपल्यालाही पोलिसांइतकेच दूर ठेवले होते, हे कळते. त्याच्या बायकोमुलींनाही त्याने सांगितलेले नाही. विश्वासातून वगळले जाण्याचा हा अनुभव, आणि त्यातूनच त्या माणसाच्या एकटेपणाची येणारी जाण, हा या शेवटाचा अर्थ आहे. आणि तो अर्थ प्रेक्षक अज्ञानात असल्यावाचून उत्पन्नच होत नाही. ज्याला ठाण्याची गोष्ट आधी ठाऊक आहे तो चित्रपट कौतुकाने पाहील, पटकथेचे सांधे मोजेल, कदाचित अधिक सूक्ष्मपणे पाहील. पण तो विजयच्या विश्वासात पहिल्यापासून खरोखरच असतो, म्हणून त्यातून बाहेर फेकला जाऊ शकत नाही.

मर्ढेकरांच्या लयसिद्धान्ताला अनुसरून यावर एक आक्षेप घेता येईल. सौंदर्य जर घटकांमधील संवाद, विरोध, समतोल या संबंधांत असेल, तर अखेरचा घटक ठाऊक झाल्याखेरीज ते संबंध पूर्णतः जाणवणारच नाहीत. तेव्हा दुसरे, तिसरे पाहणे हेच खरे पाहणे होय. आक्षेप वजनदार आहे, परंतु तो चित्रपटाच्या कालिक स्वरूपाकडे पुरेसे लक्ष देत नाही. चित्रपटात संबंध ज्या क्रमाने जाणवतात तो क्रमही एक घटकच असतो. शिवाय न जाणण्याकडून जाणण्याकडे जाता येते, परत येता येत नाही. जाणून पाहणे आयुष्यभर उपलब्ध आहे. न जाणता पाहणे एकदाच. शेवट सांगणारा मनुष्य रस हिरावून घेतो असे मी म्हणणार नाही, पण दोन अनुभवांपैकी एक तो दुसऱ्याच्या वतीने परस्पर रद्द करतो, हे खरे आहे. ‘दृश्यम’सारख्या रचनेपुरती तरुण प्रेक्षकांची तक्रार मला म्हणूनच न्याय्य वाटते. ज्या चित्रपटाचे सर्वस्वच गुपितात आहे आणि ते कळल्यावर हाती काही उरत नाही, त्याची गोष्ट निराळी. त्याचे गुपित राखणे हा शिष्टाचार झाला. तो समीक्षेचा धर्म होत नाही.

या विषयावर मानसशास्त्रीय प्रयोगही झालेले आहेत. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो येथील लेविट आणि क्रिस्टनफेल्ड या संशोधकांनी २०११ साली बारा कथा वाचकांना देऊन, शेवट आधी सांगितलेल्या कथा वाचकांना एकंदरीने अधिक आवडल्या, असा निष्कर्ष मांडला. रहस्यकथांचाही त्यांत समावेश होता. वृत्तपत्रांतून तो फार गाजला; नंतरच्या काही अभ्यासांतून याच्या विरुद्ध कलही दिसून आला. मला या प्रयोगांचे मोल अमान्य नाही, पण त्यांच्यावर फार भिस्त ठेववत नाही. एक तर ते लघुकथांच्या वाचनावर बेतलेले होते. वाचक थांबू शकतो, पान उलटून मागे जाऊ शकतो, काळोखात बसलेला प्रेक्षक तसे करू शकत नाही. दुसरे, त्यांत आवड गुणांकात मोजली जाते. ‘दृश्यम’च्या दोन प्रेक्षकांच्या अनुभवांत कमी-अधिक असा फरक नाही, ते अनुभव दोन जातींचे आहेत.

आणि काही शेवट तर असे असतात की ते सांगताच येत नाहीत. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’चा शेवट सांगून पाहा : जब्या दगड फेकतो. एवढेच. वाक्य खरे आहे आणि त्यात काहीही नाही. डुक्कर पकडून खांद्यावर टांगून कुटुंब निघते, शाळेच्या भिंतीवर फुले आणि आंबेडकर यांची चित्रे मागे सरकत जातात, टवाळी थांबत नाही, आणि मग तो दगड आपल्या दिशेने येतो. वर्गात हा चित्रपट दाखवताना मी अनेकदा पाहिले आहे की दगड येणार हे नीट ठाऊक असलेली मुलेही त्या क्षणी मान किंचित मागे घेतात. माहिती असल्याने दगड चुकत नाही. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’मध्ये न्यायाधीश सहलीच्या ठिकाणी बाकावर झोपलेले असतात, मुले ओरडून त्यांना जागे करतात, ते एका मुलाला थप्पड मारून पुन्हा डोळे मिटतात. ज्याने चित्रपट पाहिलेला नाही त्याला हा शेवट सांगितला तर तो विचारील, मग खटल्याचे काय झाले? त्या प्रश्नाला उत्तर न देणे, हेच त्या शेवटाचे काम आहे.

हा सारा प्रपंच अध्यापनाच्या दृष्टीने का महत्त्वाचा वाटतो, तेही सांगायला हवे. साहित्य आणि चित्रपट यांचा एकत्र अभ्यास आता पुष्कळ ठिकाणी पदव्युत्तर अभ्यासक्रमात आला आहे. विद्यार्थी तासाला येतो तेव्हा नेमलेल्या साऱ्या चित्रपटांची कथासारे त्याच्या खिशातल्या फोनमध्ये असतात. त्याला प्रत्येकाचा शेवट ठाऊक असतो. पाहिलेले असतात दोन. यात मला त्याचा दोष मोठा वाटत नाही. कादंबरी शिकवताना आपण वर्षानुवर्षे हेच केले. आधी कथानक सांगितले, मग पात्रचित्रण, मग वातावरण, आणि परीक्षेत ‘कथानक थोडक्यात सांगा’ असा प्रश्न काढून गाइडवाल्यांची सोय केली. कीर्तनात शेवट ठाऊक असतो म्हणून माणसे येतात. आपल्या वर्गात शेवट ठाऊक झाला म्हणून ती कृतीकडे फिरकत नाहीत. कीर्तनकार जे ठाऊक आहे ते पुन्हा घडवतो, आपण ते कळवतो. तरुणांच्या ‘स्पॉयलर’च्या धास्तीत निदान एक गोष्ट मोलाची आहे : कृती स्वतः अनुभवायची असते, तिची बातमी पुरत नाही, असे ती मानते. ती धास्ती हसण्यावारी नेणारा अध्यापक, विद्यार्थ्यापाशी उरलेल्या साहित्यिक जाणिवेच्या एका धाग्यालाच हसत असतो.

चित्रपटाच्या प्रश्नपत्रिकेतून कथानकाचा प्रश्न काढून टाकावा, अशी माझी सूचना आहे. कथानक छापूनच द्यावे, शेवटासह, आणि त्याखाली विचारावे : ‘श्वास’मध्ये डोळे जाणार हे डॉक्टरांनी सांगून टाकल्यानंतर दिग्दर्शकापाशी सांगण्यासारखे काय उरते? ‘दृश्यम’मध्ये पोलीस ठाण्याची गोष्ट विजयने पत्नीला सांगितली असती, तर शेवटच्या प्रसंगात नेमके काय बदलले असते? चित्रपट न पाहिलेल्या विद्यार्थ्याला या प्रश्नांची उत्तरे फोनमध्ये सापडणे सध्या तरी कठीण आहे.